आमची वाटचाल : तुरीचा भाव कुठं गेला?

लातुरात गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एकावर २००९ साली आमचं डीटीपीचं दुकान सुरू झालं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, वाढदिवसाचे फ्लेक्स. २०१४ला वेबसाइटची कामं घ्यायला लागलो, पण छपाईची खोड गेली नव्हती. आधी चौकट आखायची, मग मजकूर कोंबायचा, नाही बसला तर अक्षराचा पॉइंट, म्हणजे आकार, कमी करायचा.

पहिलं मोठं काम एका आडत दुकानाचं. रोजचे भाव ते स्वतः भरणार होते. मी भावांच्या डब्याला, म्हणजे पानावर ते भाव जिथं दिसतात त्या चौकोनाला, मोजून २०० पिक्सेल हाइट दिली. माझ्या कॉम्प्युटरवर सोयाबीन, हरभरा, तूर झकास बसले. मोबाइलवर ओळी मोडल्या आणि मजकूर डब्याखाली सांडून फोन नंबरवर चढला. डब्याबाहेर सांडलेल्याचं काय करायचं ते सांगणारा 'ओव्हरफ्लो' मुळात 'व्हिजिबल' (दिसणारा) असतो, सांडलेलं ब्राउझर लपवत नाही. मी सरळ 'हिडन' (लपव) टाकलं आणि निवांत झोपलो. सकाळी शेठजींचा फोन : "ओ सर, तुरीचा भाव कुठं गेला? शेतकरी मला विचारायलेत."

तूर डब्यातच होती, कापली गेली होती.

तेव्हा कुठं डोक्यात शिरलं, की ब्लॉकला, म्हणजे अशा डब्याला, रुंदी बापाकडून मिळते आणि उंची लेकरांकडून. काही लिहिलं नाही तर तो बाहेरच्या डब्याची रुंदी भरून घेतो, आणि आत जेवढा मजकूर तेवढा उंच होतो. म्हणूनच 'हाइट १०० टक्के' बऱ्याचदा वाया जातं. बापाचीच उंची ठरलेली नाही, तर टक्के कशाचे काढणार? हाइट खोडून मिन-हाइट (कमीत कमी उंची) लिहिली, तूर परत आली. रुंद तक्त्याभोवती वेगळा डबा घालून त्याला 'ओव्हरफ्लो-एक्स ऑटो' दिलं, तो बोटानं सरकतो.

हिडनची चटक मात्र सुटली नाही. फ्लोट केलेले, म्हणजे एका बाजूला सरकवून भोवती मजकूर वाहू दिलेले, फोटो डब्यात धरून ठेवायला ते सोपं पडायचं (आता त्यासाठी 'डिस्प्ले फ्लो-रूट' आहे). मग एकदा 'आजचे मार्केट भाव' या शीर्षकाला लाइन-हाइट १ (ओळीची उंची अक्षराच्या आकाराएवढीच) आणि हिडन दोन्ही दिलं, तर 'र्के'वरचा रफार आणि मात्रा छाटली गेली. इंग्रजी टेम्पलेट बनवणाऱ्याला हे दुखणं ठाऊकच नसतं. आम्ही मराठीला दीडच्या खाली उतरत नाही.

२०१६ला मिरजेहून पाण्याची रेल्वे येत होती, तेव्हा वेबसाइट कोण करून घेणार? ते वर्ष फ्लेक्सवर काढलं.

आज आम्ही चौघं आहोत. नव्या पोराला पहिलं काम तोच डबा देतो, वर मूग, उडीद, करडई वाढवून. बहुतेक जण अजून आधी हाइटच लिहितात.