मागचा अ‍ॅक्सल बदलू का?

आज दुपारभर गाडीखाली होतो. डिफरन्शियलचं (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीचं) तेल काढलं, तर चुंबकावर नुसता काळा लगदा नाही, नखाएवढी टोकदार कपचीही निघाली. बोटात धरून किती वेळ बघत बसलो. पिनियनच्या, म्हणजे ताकद आत आणणाऱ्या छोट्या गिअरच्या, एका दाताची कड गेलीय.

इंजिनाची ताकद मीच वाढवली, त्यामुळे साडेसात इंची क्राऊन (पिनियनने फिरणारा मोठा गिअर) आणि चाकांकडे जाणारे 28 स्प्लाईनचे (टोकावरच्या खाचांचे) शाफ्ट आता अपुरे पडणारच. मन फोर्डच्या 9 इंची क्राऊनच्या अ‍ॅक्सलकडे ओढतंय. 1957 ते 1986 इतकी वर्षं बनला, मधला गिअरचा गाभा पुढून अख्खा बाहेर येतो. पण तो जड, आणि पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा बराच खाली असल्याने घर्षणात ताकद जास्त खातो. 8.8 इंची, 31 स्प्लाईनवाला मला जास्त पटतो, त्याचे शाफ्ट जाड. शाफ्टचं बळ जाडीच्या घनाने वाढतं. जाडी 10 टक्के वाढली की बळ 33 टक्के!

खरं काम पुढेच आहे : रुंदी, ब्रेक, प्रॉपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सकडून मागे ताकद आणणाऱ्या दांड्याची) लांबी, पिनियनचा कोन. उद्या आधी रुंदी मोजतो. तोवर गाडी स्टँडवरच. हिला अशा अवस्थेत रस्त्यावर काढायला जीव धजावत नाही.