प्लॅटिनमचं नाणं, हौसेचा भाव आणि मोडीचा भाव

२०२३ च्या ऑक्टोबरात मी अमेरिकन प्लॅटिनम ईगलचं, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीच्या प्लॅटिनम नाण्याचं, अर्ध्या औंसाचं एक प्रूफ (संग्राहकांसाठी खास ठोकलेलं) नाणं घेतलं. १९९९ चं, मागच्या बाजूला दलदलीच्या पाण्यावरून उडणारा गरुड आहे ते. तेव्हा प्लॅटिनम औंसाला ९०० डॉलरच्या आसपास होतं, म्हणजे नाण्यात धातू साडेचारशेचा, आणि मी मोजले सातशे. वरचे अडीचशे कशाचे तर गरुडाचे, आरशासारख्या पॉलिशचे, मखमली डबीचे आणि टांकसाळीच्या सर्टिफिकेटचे. हौसेला मोल नसतं म्हणतात, माझ्या हौसेचं मोल अडीचशे डॉलर होतं, पावतीवर स्पष्ट छापलेलं.

मग २०२५ उजाडलं आणि इतकी वर्षं पेंगत पडलेलं प्लॅटिनम एकदम उठलं. जुलैत औंसाला १४०० झालं तेव्हा मी मनातल्या मनात हिशोब मांडून मोकळा झालो की साडेचारशेचे सातशे झाले, वर हौसेचे अडीचशे आहेतच, म्हणजे साडेनऊशे कुठे गेले नाहीत. विकायचं नव्हतंच, नुसता भाव काढायचा म्हणून एका डीलरकडे गेलो. त्याने डबी उघडली, साल वाचलं, कॅल्क्युलेटरवर १४०० चे अर्धे केले, त्यातून पाच टक्के वजा केले आणि आकडा माझ्याकडे फिरवला. ६६५.

धातू दीडपट झाला आणि मी ३५ डॉलर तोट्यात. गरुडाकडे त्याने पाहिलंही नाही.

तर हे असं का होतं यावर मी बरेच दिवस डोकं खाजवलं, आणि जे कळलं ते लिहितोय, कारण प्लॅटिनमची नाणी घेणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात माझ्यासारखीच बेरीज असते, धातू अधिक हौस. दागिन्याची घडणावळ मोडीत परत मिळत नाही हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, पण नाण्याच्या बाबतीत आपण ते सोयीस्कर विसरतो, कारण नाण्याला साल असतं, संख्या ठरलेली असते आणि "दुर्मिळ" हा शब्द चिकटलेला असतो.

हौसेचा भाव हा टक्क्यात नसतो, रकमेत असतो. म्हणजे असं की एखाद्या संग्राहकाने मनाशी ठरवलेलं असतं की या नाण्यासाठी मी साधारण सातशे देईन. त्याचं बजेट प्लॅटिनमच्या भावाबरोबर वाढत नाही, त्याचा पगार तोच असतो. धातू ४५० वर असतो तेव्हा त्या सातशेत हौसेला भरपूर जागा असते, धातू ७०० वर गेला की हौसेला जागाच उरत नाही, आणि वर गेला तर संग्राहक गप्प बसतो आणि गिऱ्हाईक म्हणून उरतो तो फक्त मोड घेणारा. खालून पाणी चढत जातं आणि डोंगराचं टोक तेवढं बाहेर राहतं, तेही मग बुडतं. माझ्या नाण्याचा हौसेचा भाव कोणी चोरला नाही, तो बुडाला. उद्या प्लॅटिनम परत ९०० वर आलं तर तो परत वर दिसेलही कदाचित, पण तेव्हा मी खूश असेन का, हा वेगळाच प्रश्न.

चांदीच्या नाण्यात हे इतकं जाणवत नाही. चांदीचं एक औंस म्हणजे प्लॅटिनमच्या मानाने किरकोळ रक्कम, त्यावर संग्राहक धातूच्या दुप्पट तिप्पट सहज देतो कारण एकूण आकडा खिशाला झेपतो. प्लॅटिनममध्ये नुसता धातूच इतका महाग की त्याच्यावर दुप्पट द्यायला माणूस दहा वेळा विचार करतो. आणि संपूर्ण मालिका जमवणं, दर वर्षीचं एक असं, हे तर अगदी थोड्यांना परवडतं.

इथे दुर्मिळपणाचा गोंधळ येतो, आणि या विषयातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. अमेरिकेचा १९०९ सालचा एक सेंट आहे, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतला, मागे व्हीडीबी ही नाण्याच्या रचनाकाराची आद्याक्षरं असलेला. तो काढला होता ४,८४,००० नग. तांब्याचा, धातू म्हणून किंमत जवळजवळ शून्य, आणि आज त्याला शेकडो डॉलर मोजतात. आता २००८ च्या डब्ल्यू मार्कवाल्या (वेस्ट पॉइंट टांकसाळीच्या) अनसर्क्युलेटेड, म्हणजे संग्राहकांसाठीच पण प्रूफ नसलेल्या, प्लॅटिनम ईगल बघा, एक औंस, अर्धा औंस आणि पाव औंस, प्रत्येकी तीन हजारांच्याही आत. संख्येने बघितलं तर त्या सेंटपुढे ही नाणी म्हणजे कोहिनूर असायला हवीत. त्यांना वरचा भाव मिळतो, नाही असं नाही, पण धातूच्या मानाने बघितलं तर तो सेंट कुठल्या कुठे पुढे आहे. कारण सरळ आहे, सेंटचे अल्बम भरत अमेरिकेतल्या पिढ्या मोठ्या झाल्या आणि त्या एका रिकाम्या खाचेसाठी लाखो लोक हळहळले. प्लॅटिनमच्या रिकाम्या खाचेसाठी हळहळणारे किती असणार? नाणी तीन हजार असतील आणि ती हवी असणारी माणसं दोन हजार असतील तर ते नाणं दुर्मिळ नाही, मुबलक आहे.

शिवाय ती संख्या मुळात कमी का होती हेही बघायला हवं. २००८ च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत विजेची टंचाई झाली आणि खाणी बंद ठेवाव्या लागल्या, आणि जगातलं बहुतेक प्लॅटिनम तिथूनच येत असल्यामुळे मार्चमध्ये भाव २,२०० डॉलरच्या वर गेला. मग त्याच वर्षी जागतिक मंदी आली, गाड्या खपेनात, गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये लागणारं प्लॅटिनम कोणाला नको झालं, आणि वर्ष संपायच्या आत भाव ८०० च्या आसपास. अशा वर्षात ठरीव किमतीला नाणं कोण घेणार? आधी महाग म्हणून घेतलं नाही, मग पडतंय म्हणून घेतलं नाही. दुसऱ्या वर्षापासून अमेरिकन टांकसाळीने सोन्या-प्लॅटिनमच्या संग्राहक नाण्यांच्या किमती धातूच्या भावाशी जोडून आठवड्याला बदलायची पद्धत सुरू केली, आणि प्लॅटिनम ईगलची अर्धा, पाव, एक दशांश औंसाची छोटी नाणी २००८ नंतर बंदच करून टाकली. म्हणजे ती कमी संख्या कोणी ठरवून, मर्यादित आवृत्ती वगैरे म्हणून काढलेली नव्हती. नाणं खपलं नाही म्हणून ते दुर्मिळ झालं. न खपलेल्या वस्तूला दुर्मिळ म्हणून विकणं यात काही खोटं नाही, पण घेताना आपल्याला ते माहीत असावं एवढंच.

२०१५ चं अजून गमतीशीर. त्या वर्षी साधं बुलियन ईगल, म्हणजे नुसत्या धातूसाठी घेतलं जाणारं, निघालंच नाही, कारण ठोकायला चकत्याच मिळाल्या नाहीत. प्रूफ निघालं तेही चार हजारांच्या आत.

अर्थात किती नाणी ठोकली ही संख्या फक्त वरची मर्यादा असते. भाव चढला की लोक प्रूफ नाणीसुद्धा मोडीत घालतात, डीलर ती रिफायनरीला पाठवतो, आणि किती उरली याची नोंद कोणी ठेवत नाही. म्हणजे धातू महागला की आज हौसेचा भाव बुडतो पण त्याच वेळी उद्याची दुर्मिळता तयार होत असते. जुन्या रशियाचं उदाहरण बघा. १८२८ पासून १८४५ पर्यंत तिथे प्लॅटिनमची नाणी चक्क चलनात होती, उरल पर्वतातल्या धातूची, ३, ६ आणि १२ रुबलची. सरकारने ती बंद केली, परत घेतली, पुष्कळशी वितळवली गेली, आणि आज बारा रुबलचं अस्सल नाणं दिसलं तर त्यातल्या धातूचा भाव कोणी विचारतही नाही. पण त्याला जवळजवळ दोनशे वर्षं लागली हो. माझ्याकडे तेवढा वेळ नाही.

त्याच देशाची मॉस्को ऑलिम्पिकच्या वेळची, १९७७ ते १९८० मधली १५० रुबलची अर्ध्या औंसाची नाणी बहुतेक वेळा धातूच्या आसपासच मिळतात. आता चाळीसहून जास्त वर्षं झाली त्यांना.

"पण खाली धातू आहे ना, शून्य तर होणार नाही" हा युक्तिवाद मीसुद्धा बरीच वर्षं केला. खरा आहे तो, फक्त ती जमीन हलते. मार्च २०२० मध्ये काही काळ प्लॅटिनम ६०० च्याही खाली होतं. २००८ मध्ये २,२०० ला घेतलेला माणूस त्या दिवशी काय म्हणाला असेल? आणि मोडीचा भाव म्हणजे स्क्रीनवर दिसणारा भाव नव्हे. सोन्याला दारोदार गिऱ्हाईक आहे, प्लॅटिनमला नाही. ते वितळायलाच १,७६८ अंश लागतात, साध्या भट्टीत काम होत नाही, तपासणीही जिकिरीची, त्यामुळे डीलर या डोकेदुखीचे म्हणून सोन्यापेक्षा जास्त काटतो. माझे पाच टक्के त्यातलेच.

नाण्यावर छापलेली तिसरी किंमतही असते बरं का, ती सगळे विसरतात. एक औंस ईगलवर १०० डॉलर लिहिलंय, तुम्ही कायद्याने ते शंभर डॉलर म्हणून खर्च करू शकता, मूर्ख असाल तर. अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्यात प्लॅटिनमच्या नाण्यावर कुठलाही आकडा छापायची मुभा आहे, त्यावरूनच मध्ये ते एक ट्रिलियन डॉलरचं नाणं काढून सरकारी कर्जाचा प्रश्न सोडवा अशी चर्चा निघाली होती. नाकापेक्षा मोती जड म्हणजे किती जड.

प्लास्टिकच्या डबीत बंद करून ७० पैकी ७० असा ग्रेड मिळवलेल्या नाण्यांबद्दल थोडक्यात: आधुनिक प्रूफ इतकी काळजीपूर्वक ठोकलेली असतात की बहुतेकांना ६९ किंवा ७० मिळतोच. त्या एका अंकासाठी मी वेगळे पैसे देत नाही. तुम्ही देत असाल तर द्या, भांडणार नाही.

आता मी काय करतो, तर जे फक्त धातूसाठी घ्यायचं ते साधं बुलियन, वरची रक्कम कमीत कमी, आणि साल बघत नाही. जे हौसेसाठी घ्यायचं ते प्लॅटिनम झोपलेलं असताना नाही, उलट भडकलेलं असताना घेतो, कारण तेव्हा प्रूफ आणि बुलियन जवळजवळ एकाच भावात मिळतात आणि गरुड फुकट येतो. गेल्या वर्षी असंच १९९८ चं पाव औंसाचं प्रूफ मोडीच्या ढिगातून उचललं, डबी नव्हती, सर्टिफिकेट नव्हतं, डीलर म्हणाला तुम्हाला नक्की हेच हवंय ना, ते दुसरं जरा कमी घासलेलं आहे. मी म्हटलं हेच.

प्रत्येक नाण्याच्या कॅप्सूलखाली मी एक चिठ्ठी ठेवतो, घेतलं त्या दिवशीचा धातूचा भाव, दिलेली रक्कम, आणि नंतर कोणी काय देऊ केलं ते तारखेसह. दलदलीवरच्या गरुडाच्या चिठ्ठीवर ६६५ नंतर अजून दोन आकडे चढलेत आणि खाली जागा संपली आहे. नवी चिठ्ठी कापायला हवी.