तिघांपैकी कोण?

काल रात्री साडेअकराला मी जोडलेला हौशी रेडिओचा रिसीव्हर बोलू लागला आणि तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. सतरा दिवस मुका राहिलेला संच वाजल्यावर आनंद व्हायला हवा. मी मात्र आज दिवसभर कार्यालयात सोल्डरच्या त्या तीन जोडांचाच विचार करत बसलो.

तोवर दोष शोधताना मी एकही पायरी गाळली नव्हती. आवाज वाढवणाऱ्या एलएम386 या आयसीच्या तिसऱ्या पिनेला स्क्रू-ड्रायव्हरचे टोक लावताच स्पीकर घूं करत होता आणि पाचव्या पिनेवर 9 व्होल्टचे निम्मे, साडेचार, मिळत होते. म्हणजे आवाजाची बाजू निर्दोष होती. रेडिओलहर निर्माण करणारा ऑसिलेटर ज्यात असतो, त्या एनई612 आयसीच्या आठव्या पिनेवर 6 व्होल्ट पोचत होते. पण शेजारी ठेवलेल्या नानांच्या शॉर्टवेव्ह रेडिओवर 7.1 मेगाहर्ट्झच्या मागेपुढे खरखर कुठेच दबत नव्हती. ऑसिलेटर चालू असता, तर त्याच्या लहरीने ती एका जागी दबली असती, म्हणजे तो चालतच नव्हता. या आयसीत ऑसिलेटर ठप्प असला तरी सहाव्या-सातव्या पिनेवरचे व्होल्टेज जवळपास योग्यच दिसते, त्यामुळे मीटर शेवटपर्यंत मला सारे ठीक असल्याचे सांगत राहिला.

मग माझा धीर सुटला. ऑसिलेटरच्या टोरॉइडची, म्हणजे कडीवर गुंडाळलेल्या वेटोळ्याची, तारेची दोन्ही टोके आणि लगतचा कपॅसिटर, हे तिन्ही जोड मी एका दमात तापवून त्यांना नवे सोल्डर दिले आणि मध्ये एकदाही संच लावून पाहिला नाही. एका वेळी एकच बदल करायचा, हे काकांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. तारेवरचे इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा लेप, खरवडायचे राहिले होते, की कपॅसिटरचा जोड कोरडा, म्हणजे सोल्डरने नीट न धरलेला, होता? मीटरचा बझर लावून तार जोडली गेली आहे का, हे तपासले होते खरे, पण मीटरची अणकुचीदार पिन इनॅमल भेदून आत गेली असेल, तर त्या आवाजाला काय अर्थ? इतरांचे संच दोन रात्रींत वाजतात. माझाच हात असा का, कोण जाणे. रविवारी काका एवढेच विचारतील, "कुठे होता दोष?"

हिला सांगितले, तर म्हणाली, "वाजतोय ना?"

संध्याकाळी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने तिन्ही जोडांवर ठोकले, बोर्ड किंचित वाकवूनही पाहिला. स्वतःच दुरुस्त केलेल्या संचाला 'एकदा तरी बंद पड' म्हणून विनवणारा मी बहुधा एकटाच असेन. तो बंद पडला नाही. कोणीतरी निवांतपणे सीक्यू, म्हणजे 'कोणीही उत्तर द्या' अशी हाक, देत होते. झाकणाचे स्क्रू मी अजून लावलेले नाहीत.