घेर पोटाचा, लिहिला पँटचा

"पँट किती नंबरची?" राजवाड्याजवळच्या शुगर तपासणी शिबिरात टेबलामागच्या मुलाने विचारलं. मी छत्तीस म्हटलं, त्याने ९१ सेंटीमीटर लिहून टाकलं. टेप शेजारीच गुंडाळून पडली होती.

फॉर्म चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनच्या रिस्क स्कोअरचा, म्हणजे मधुमेहाचा धोका गुणांत मोजणारा, होता. वय ४७, गुण २०. व्यायाम जेमतेम, २०. आई-वडिलांना मधुमेह नाही, शून्य. घेर ९० ते ९९ मध्ये, १०. एकूण ५०, मध्यम धोका. "पुढच्या वर्षी या."

मी हटलो नाही. पँट पोटाखाली बसते. ढेरी सुटत जाते तशी ती खाली सरकते, नंबर तोच राहतो. "सर, एकच आहे ते," असं तीनदा ऐकवल्यावर त्याने टेप उचलली आणि शर्टावरून, बेल्टच्या रेषेत लावली! मागे रांग कुरकुरत होती. शेवटी मीच शर्ट वर केला. कुशीत शेवटची बरगडी चाचपायची, खाली कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधायचा, दोन्हींच्या मधोमध पेनाने खूण. पाय जवळ, वजन दोन्हींवर सारखं, हात सैल. टेप जमिनीला समांतर. पाठीकडे ती हमखास घसरते, ते दुसऱ्याने बघायचं. साधा श्वास सोडल्यावर आकडा वाचायचा. पोट आत ओढलं की काही सेंटीमीटर सहज पळतात. दोनदा मोजलं: १०१, १०१.५. पुरुषांना १०० पासून २० गुण. एकूण ६०, म्हणजे जास्त धोका. बायकांना हीच पायरी ९० ला, आणि साडी असेल तर निऱ्या व परकराची नाडी सैल केल्याशिवाय मोजूच नये.

तिथे बोटातून काढलेल्या रक्ताचा आकडा मी मनावर घेतला नाही. पोहे-जिलबी खाऊन आलेल्यांची रांग होती ती, मीही त्यातलाच. निदान लॅबमधल्या शिरेच्या रक्तावरच. रात्रभर उपाशी राहून गेलो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाच मिनिटांत प्यायलो, दोन तास बसून राहिलो (मध्ये फिरून यायचं नाही). उपाशीपोटी ९७, दोन तासांनी १५२. पहिल्या आकड्यावर थांबलो असतो तर सगळं नॉर्मल. दोन तासांनंतरचा आकडा १४० ते १९९ म्हणजे प्रीडायबिटीस, मधुमेहाचा उंबरठा. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी, तिला हाच उंबरठा ५.७ ते ६.४, पण रक्तात लोह कमी असेल तर तो आकडा उगाच वर दिसतो.

टेपचं राहिलंच. शिंप्याची जुनी कापडी टेप ताणली जाते, स्टीलच्या पट्टीशी ताडून घ्या. एका बाजूला इंच असतात, तेही बघा. टेपच नसेल तर आपल्या उंचीइतकी सुतळी घ्या, दुमडून निम्मी करा आणि त्या पेनाच्या खुणेवरून पोटाभोवती फिरवा; टोकं जुळायला हवीत. माझी टोकं अजून चार बोटं लांब राहतात.