मिकाडो: बुश बसवले आणि गाडी जागची हलेना

मागच्या वेळी मी छातीठोकपणे लिहिलं होतं, की साइड रॉडच्या (चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्यांच्या) भोकांत बुश (छोट्या नळ्या) बसवले की माझ्या मिकाडोचं, म्हणजे वाफेच्या इंजिनाच्या छोट्या मॉडेलचं, लंगडणं थांबेल. थांबलं. गाडीच थांबली!

१.५ मिमीच्या क्रँकपिनवर (चाकावरच्या खुंटीवर) रॉडची भोकं १.८ पर्यंत झिजून लांबट झाली होती. दोन्ही रॉड पाठीला पाठ लावून डाखले. लांबट भोकात ड्रिल झिजलेल्या बाजूला ओढलं जातं, म्हणून डोळ्याच्या (भोकाभोवतीच्या कडीच्या) बाहेरच्या गोलावरून केंद्र धरून भोकं एंडमिल कटरने मोठी केली. बुश फॉस्फर ब्रॉन्झचे. सळई बोहरी आळीतली. माझी गरज सहा इंचांची हे ऐकून दुकानदार हसला, पण माल चोख दिला. ऑनलाइन मागवलेले 'ब्रॉन्झ'चे तयार बुश कानशीखाली साधं पितळ निघाले होते, ते तसेच पडलेत. आठ बुशांसाठी नऊ कापावे लागले. एक उडाला तो कपाटाखाली गेला, अजून तिथेच आहे.

क्लिअरन्स (पिन आणि बुशमधली फट) ०.०५ मिमी. रॉड चढवले तेव्हा इतके सुंदर बसले की दहा मिनिटं नुसता बघत राहिलो. मग चाक फिरवलं, तर पाव फेऱ्यात गच्च.

वाटलं, केंद्रांची अंतरं चुकली. दोन रात्री व्हर्नियर घेऊन मोजत बसलो, सगळी बरोबर. शेवटी मोटर आणि वर्म (मोटरचा गिअर) काढून नुसती चासी तिरप्या काचेवर सोडली आणि एकेक जोडी तपासली. तिसरा-चौथा आस, छान. दुसरा-तिसरा, छान. पहिला जोडला की अडकतो. म्हणजे क्वार्टरिंग, आसाच्या दोन बाजूंच्या पिनांमधला कोन! पहिल्या आसावर तो ९० अंश नाही, ८७ च्या आसपास होता. क्रँकचा थ्रो (आसाच्या केंद्रापासून पिनेचं अंतर) ४.४ मिमी, तेव्हा ३ अंश म्हणजे पिनपाशी ०.२३ मिमी. झिजलेली भोकं एवढी चूक गुपचूप पोटात घालत होती. मी ती घट्ट केली आणि चूक उघडी पडली.

चाक धरून पिळलं तर हलतंय. एका बाजूचं चाक विजेपासून वेगळं ठेवणारा, चाक आणि आसामधला फायबरचा बुश सुकून सैल झालाय. रिटेनिंग कंपाउंडची (घट्ट बसवलेले भाग चिकटवून धरणाऱ्या द्रवाची) बाटली हातात घेतली आणि आठवलं, ते धातूला धातू असेल तरच धड पकडतं. फायबरला उपयोग नाही. म्हणून सावकाश सुकणारं इपॉक्सी लावलं, पाच मिनिटांवालं नाही, कारण जिगमध्ये चाक नीट बसवेपर्यंतच ते आवळतं. जिग म्हणजे ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात आसासाठी खाच आणि काटकोनात दोन टेकू, बस्स. पण खाच जरा खोल झालीय, खाली पत्र्याची पट्टी सरकवावी लागते.

(जपानी कारागिरांनी केलेली मिकाडो, आणि हे नावही १८९७ मध्ये बाल्डविनने जपानसाठी बांधलेल्या इंजिनांवरून पडलेलं. आपण फक्त दुरुस्त्या करायच्या.)

पुढचा बेत कोरलेस (लोखंडी गाभा नसलेली) मोटर बसवायचा होता. हे लिहिता लिहिता तो बदलला. चारही आसांचे फायबर एकाच वयाचे आहेत; एक सुटला तर बाकीचे किती दिवस धरतील? तेव्हा मोटर राहू दे, रविवारी उरलेले तिन्ही आस काढतो. पहिला अजून जिगमध्ये आहे, उद्या संध्याकाळी २४ तास होतील. तोवर त्याला हात लावायचा नाही, असं स्वतःलाच तीनदा बजावलंय.