82 टक्के

मागच्या जानेवारीतल्या एका रात्रपाळीच्या लॉगशीटचा फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. प्रूफरची, म्हणजे भाजण्याआधी ब्रेडचे गोळे फुगवायच्या खोलीची आर्द्रता, दर अर्ध्या तासाची नोंद: 82, 82, 82, 82. खाली माझी सही. पुसावासा वाटतो, पण पुसत नाही.

मी चाकणला एका ब्रेडच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे. कारखाना बघायला येणारे सगळे ओव्हनसमोर फोटो काढतात, प्रूफरकडे कुणी ढुंकून बघत नाही. बघण्यासारखं तिथे काही नाहीच म्हणा. स्टीलची लांबलचक खोली, आत साखळीवरून कूर्मगतीने फिरणारे साचे, दमट ऊब आणि दार उघडलं की नाकाला झोंबणारा आंबूस वास. पण ब्रेड बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच. आमचा 400 ग्रॅमचा ब्रेड 445 ग्रॅमच्या गोळ्यापासून होतो. तो गोळा 38 अंश तापमानात आणि 82 टक्के आर्द्रतेत तासभर फुगतो, मग त्यावर झाकण बसतं आणि साचा ओव्हनमध्ये जातो. मिनिटाला 60 साचे. म्हणजे कुठल्याही क्षणी प्रूफरच्या पोटात साडेतीन हजारांवर ब्रेड असतात.

घरी कणीक सैल झाली तर मूठभर पीठ घालून सावरता येते. लाइनवर तसं नसतं. मिक्सरवर आत्ता केलेला बदल प्रूफरच्या तोंडाशी दिसायला दीड तास लागतो: मळायला पंधरा मिनिटं, गोळे तोडून, वळून, साच्यात पडेपर्यंत आणखी पंधरा, मग प्रूफरचा तास. मधल्या वेळात यीस्ट तुमच्यासाठी थांबत नाही. मशिनला लाल बटण असतं, यीस्टला नसतं. पुढे ओव्हन बंद पडला तरी मागे डो, म्हणजे मळलेलं पीठ, फुगतच राहतो. त्यामुळे या कामात जे आज दिसतंय ते दीड तासापूर्वीचं असतं, आणि आज जे कराल त्याचा हिशेब दीड तासानं होतो. हे मला पाठ होतं. नव्या पोरांना मीच शिकवतो.

त्या रात्री एक दहाला मी झाकणाच्या मशिनपाशी पट्टी घेऊन उभा होतो. फुगलेला डो साच्याच्या काठापासून एक सेंटीमीटर खाली हवा. त्या वेळी तो जवळपास अडीच सेंटीमीटर खाली होता. एवढा कमी फुगलेला डो ओव्हनमध्ये झाकणापर्यंत पोचत नाही, ब्रेडचे कोपरे गोल राहतात. गोल कोपऱ्याची स्लाइस चवीला तीच असते, पण दुकानदार पाकीट परत करतो. चौकोनी नसलेल्या सँडविचवर आपल्या लोकांचा विश्वास नाही.

झाकणावर मामा होते. मामांची निम्मी हयात साताऱ्याकडच्या एका लाकडाच्या भट्टीवर गेली. त्यांनी एका साच्यातल्या डोवर बोटाची मागची बाजू फिरवली आणि म्हणाले, "सर, मालानं साल धरलीय. आत वारं लागतंय कुठंतरी."

मी त्यांना पॅनेल दाखवलं. "मामा, 82 आहे की. बघा ना."

त्यांनी पॅनेलकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग असंल," म्हणाले आणि झाकणांकडे वळले.

मी सरळ मिक्सरवर गेलो. ताप नॉर्मल, ओल नॉर्मल, तरी डो फुगत नाही, म्हणजे यीस्ट, हे माझ्या डोक्यात आधीच पक्कं झालं होतं. मिक्सरवर परभणीकडचा एक पोरगा होता, नोकरीला जेमतेम पाच महिने झालेले. 100 किलो मैद्याला 3 किलो ताजं यीस्ट जातं. मी विचारलं, किती टाकलंस? तीनच सर. काट्यावर टाकलंस का अंदाजानं? काट्यावर सर. बुरशीरोधक दोनदा तर नाही ना पडलं? त्यानं यीस्ट मंदावतं. नाही सर. तो दोनदा म्हणाला, "सर, परत वजन करून बघा ना." मी केलं नाही. त्याच्यावर ओरडलो, आणि ओरडलो ते चार माणसांत. यीस्टचा तो खोका बाजूला काढायला लावला, नव्या लॉटचा फोडला, वर डोस 3 वरून 4 किलोवर नेला आणि लाइनचा वेग कमी केला. शिफ्ट रिपोर्टच्या कारणाच्या रकान्यात लिहिलं: यीस्ट मोजण्यात मानवी चूक. तेव्हा वाजले होते एक चाळीस.

वेग कमी केल्यावर डो प्रूफरमध्ये जास्त वेळ राहिला आणि आणखी वाईट झाला. वरची साल जाड, पांढुरकी, कडेला बारीक भेगा. तो साचा हातात घेतला तेव्हा मला मामांचं वाक्य आठवलं. खोटं कशाला बोलू, आठवलं तेव्हा आधी रागच आला.

दोन चाळीसला मी प्रूफरचं तपासणीचं दार उघडून आत गेलो. मला चष्मा आहे. थंडीच्या दिवसांत आत पाऊल टाकलं की काचांवर धुकं बसतं आणि बराच वेळ हटत नाही, मी आंधळ्यासारखा चाचपडत असतो. त्या रात्री धुकं बसलं आणि बघता बघता विरलं. मी तसाच उभा राहिलो. एरवी आतल्या भिंतींवरून पाणी ओघळत असतं. भिंती कोरड्या होत्या. वाफेच्या पाइपला हात लावला, तो गार.

आमच्या प्रूफरमध्ये आर्द्रता मोजायची पद्धत जुनी आहे. दोन सेन्सर: एक उघडा, दुसऱ्यावर सुती कापडाची वात, तिचं टोक पाण्याच्या वाटीत. वातीतलं पाणी उडतं तसा तो सेन्सर गार पडतो. हवा जितकी कोरडी, तितका जास्त गार. दोघांतल्या फरकावरून पॅनेल आर्द्रता काढतं. 38 अंशांना तीन अंशांचा फरक म्हणजे 82 टक्के, सहा अंशांचा म्हणजे साधारण 65. मी वात हातात घेतली तर ती कापडाची राहिलीच नव्हती. खडूसारखी कडक. आमच्याकडे टँकरचं पाणी येतं, बोअरचं, क्षारांनी भरलेलं. तेच पाणी वाटीत घालतात. क्षार साचून वात पाणी जेमतेमच ओढत होती. पुरेशी ओली नाही म्हणून पुरेशी गार पडत नाही, पुरेशी गार पडत नाही म्हणून पॅनेलला वाटतं हवा दमट आहे, आणि पॅनेल इमानदारीत वाफ बंद करतं. 82 हा आकडा प्रूफरमधला नव्हताच. वातीला फसून पॅनेल जो आकडा धरून बसलं होतं, तो मी दर अर्ध्या तासानं उतरवून घेत होतो. खरी, चालू प्रूफरची आर्द्रता दारं उघडतात-मिटतात तशी दोन-तीन टक्के वरखाली होतच असते. रात्रभर एकच आकडा म्हणजे संशयच यायला हवा होता.

मी स्टोअरमधून हाताने फिरवायचा सायक्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं साधन, आणला, त्याची वात बाटलीबंद पाण्यात भिजवली. 38 आणि 32. म्हणजे 65 टक्के.

देखभालीच्या तक्त्यात दर महिन्याला "वात बदलणे" असा रकाना आहे. त्यावर डिसेंबरची टिक आहे, जानेवारीचीही आहे. ती वात एका महिन्याची नव्हती. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट, तेव्हा हा दोष झाकून गेला असणार. दिवाळीनंतर हवा कोरडी पडली आणि उघडा पडला. टिक करणाऱ्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही, कारण लॉगशीटवर माझीही सही आहे.

घरी आल्यावर जे लक्षात आलं ते जास्त बोचलं. डोचा गोळा म्हणजे स्वतःच एक ओली वात असते. कोरड्या हवेत त्याच्या अंगावरचं पाणी उडतं आणि तो गार पडतो, अगदी त्या सेन्सरसारखा. प्रूफर 38 दाखवत असला तरी डोच्या पाठीला 35 ऐवजी 32 अंश जाणवत होते. म्हणजे साल धरणं आणि कमी फुगणं ही दोन दुखणी नव्हती, एकच होतं. मामांनी बोटाची पाठ लावून जे मोजलं, तेच मोजायला कंपनीनं दोन सेन्सर आणि एक पॅनेल बसवलंय. भट्टीवर ते पावाच्या लाद्यांवर ओलं फडकं टाकायचे. त्यांनी मला तेच सांगितलं होतं, त्यांच्या शब्दांत.

नवी वात, बाटलीचं पाणी, वाफ सुरू, यीस्ट परत 3 किलो, वेग पूर्ववत. तीन वाजता वाटलं, सुटलो. पण त्याआधी मीच मिक्सरमध्ये ओतलेलं 4 किलोचं यीस्ट अजून लाइनवर होतं. ते गोळे आता पूर्ण वाफेत शिरले आणि पावणेचारला बाहेर आले ते साच्याच्या काठावरून सांडत. झाकणं नीट बसेनात, ओव्हनमध्ये डो फटीतून बाहेर आला, भाजून झाकणांना चिकटला आणि झाकणं काढायचं मशिन अडकलं. तेवढ्यात सेल्सवाल्यांच्या गाड्या लागल्या होत्या आणि एक ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी येऊन "साहेब, माल?" विचारत होता. त्या पाळीचे पाच हजारांवर ब्रेड टोस्ट-चुऱ्याला आणि गुरांच्या खाद्याला गेले. त्यातले निम्मे वातीचे. बाकीचे माझे.

शिफ्ट रिपोर्ट मी सकाळी सहाला खाडाखोड करून दुरुस्त केला. मग मिक्सरवर गेलो. पोरगा बाऊल धूत होता. मी सांगितलं, तुझं वजन बरोबर होतं, चूक वातीची होती, मी उगाच बोललो. तो म्हणाला, "ठीक आहे सर." धुणं काही थांबवलं नाही. मामांना सांगितलं तर ते हसले आणि चहा सांगितला.

आता वात दर सोमवारी मी स्वतः बदलतो. पोरगा अजून मिक्सरवरच आहे, कामाला चोख. पण माझी पाळी असली की प्रत्येक बॅचला यीस्ट काट्यावर ठेवतो, मागे होतो आणि हाक मारतो, "सर, बघून घ्या, मग टाकतो." रात्रीतून पंधरा-वीस वेळा. मी म्हणतो, अरे टाक, नको दाखवू. तो हात मागे बांधून उभा राहतो, मी येऊन आकडा बघेपर्यंत.