पीटीच्या तासाचे गुण आणि दहावीचा पहिला नंबर

दहावीचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक लागतात आणि त्यांवर ‘625 पैकी’ मिळवलेले गुण ठळक अक्षरांत छापलेले असतात. त्या बेरजेत शारीरिक शिक्षणाचा एकही गुण नसतो. त्या विषयाला मिळते ती केवळ श्रेणी, आणि ती कोणी वाचत नाही. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत यंदा अशी सूचना आली की या श्रेणीचे गुण करून ते एकूण बेरजेत आणि पर्यायाने शाळेतल्या क्रमवारीत धरावेत, म्हणजे शाळा निदान त्या भीतीने तरी पीटीचा तास मनावर घेतील. सूचना करणारे बहुतेक जण मैदानावर आणि तालमीत वाढलेले आहेत. त्यांची तळमळ मला पटते, मागणी मात्र पटत नाही.

आधी 625 ही संख्या कशी बनते ते पाहू. कर्नाटक बोर्डाच्या आतापर्यंतच्या रचनेत मराठी माध्यमाच्या मुलाला प्रथम भाषा मराठी 125 गुणांची असते, आणि कन्नड, इंग्रजी, गणित, विज्ञान व समाजविज्ञान हे पाच विषय प्रत्येकी 100 गुणांचे असतात. यांपैकी प्रथम भाषेचे 25 आणि उरलेल्या विषयांचे प्रत्येकी 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे शाळेच्या हातातले असतात. एकूण 125 गुण, बरोबर एक पंचमांश. आपल्याच मुलाला 20 पैकी 12 देणारी शाळा शोधून काढावी लागेल, हे पालकांनाही ठाऊक असते आणि शिक्षकांनाही. पहिल्या तीन क्रमांकांमध्ये अनेकदा एक-दोन गुणांचाच फरक असतो. अशा जागी शाळेच्या हातातले आणखी गुण आणून ठेवले, तर क्रमवारी अधिक न्याय्य होईल की अधिक शंकास्पद?

पीटीचे गुण बेरजेत धरले तर दोनच गोष्टी संभवतात. पहिली, सगळ्यांना पूर्ण गुण मिळतील. आज जशी बहुतेकांना वरची श्रेणी मिळते तसेच. सर्वांना सारखे मिळालेले गुण कोणाचाही क्रम बदलत नाहीत, ते केवळ बेरीज फुगवतात. दुसरी शक्यता अशी की शिक्षक खरोखर मोजमाप करतील, म्हणजे कोण किती वेगाने धावले, कोणी किती लांब उडी मारली हे पाहून गुण देतील. मग दम्याचा त्रास असलेली मुलगी, अंगाने किरकोळ राहिलेला मुलगा, किंवा वर्गात वयाने सर्वांत लहान असलेले मूल यांचा नंबर त्यांच्या अभ्यासामुळे नव्हे, तर शरीरामुळे खाली जाईल. शिवाय दाट वस्तीतल्या ज्या शाळेला मैदानच नाही तिथला मुलगा आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यातून रोज चालत शाळेला येणारा मुलगा यांना एकाच फुटपट्टीने कसे मोजणार, हाही प्रश्न आहेच. गणितातही जन्मजात फरक असतो, असे कोणी म्हणेल. असतो, परंतु गणिताचा निकाल पुढच्या गणिताच्या वर्गासाठी लागतो. पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, विज्ञान शाखेत प्रवेश देताना लांब उडीचा उपयोग काय, हे मला कोणी सांगितलेले नाही.

अमेरिकेत हा वाद जुना आहे आणि त्याचे तिथले रूप मोठे विचित्र आहे. तिथल्या अनेक हायस्कूलांत वर्गातला क्रम सर्व विषयांच्या सरासरीवरून ठरतो. साध्या विषयातल्या सर्वोच्च श्रेणीला 4 अंक आणि कॉलेजच्या तोडीच्या अवघड विषयातल्या त्याच श्रेणीला 5 अंक, अशी पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. आता समजा, एखाद्या मुलीने पाच अवघड विषय घेतले आणि सर्वांत सर्वोच्च श्रेणी मिळवली. तिची सरासरी 5 झाली. तिने सक्तीचा व्यायामाचा तास केला, त्यातही सर्वोच्च श्रेणी मिळवली, पण साध्या विषयाचे म्हणून 4 च अंक मिळाले आणि सरासरी 4.83 वर आली. पूर्ण यश मिळवूनही क्रम घसरतो! हा क्रम तिथे केवळ शोभेचा नसतो. टेक्सासमध्ये 1997 च्या कायद्याने वर्गातल्या वरच्या दहा टक्क्यांतल्या मुलांना राज्याच्या विद्यापीठांत थेट प्रवेशाचा हक्क दिला. त्यामुळे अशा मुलांना व्यायामाचा तास टाळण्याच्या वाटा शोधाव्याशा वाटल्या, तर दोष त्यांना देता येत नाही. म्हणजे ज्या गुणांनी तासाची प्रतिष्ठा वाढावी, त्याच गुणांनी हुशार मुले तासापासून दूर जातात.

शरीराच्या कर्तृत्वाला गुण देऊच नयेत, असे मात्र मी म्हणत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या बेळगावात आहे आणि भरतीसाठी पहाटे धावणारी मुले इथल्या कोणत्याही रस्त्यावर दिसतात. भरतीत 1.6 किलोमीटरची दौड साडेपाच मिनिटांच्या आत पुरी करणाऱ्याला 60 गुण आणि दहा पुल-अप काढणाऱ्याला 40 गुण, असा हिशेब या मुलांना तोंडपाठ असतो. तिथे तो योग्यच आहे, कारण सैनिकाचे कामच ते आहे आणि घड्याळ कोणाच्या ओळखीचे नसते. बाची ओलांडून शिनोळीत गेले की महाराष्ट्र लागतो. तिथे दहावी-बारावीला राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या मुलांना क्रीडागुणांची सवलत आहे. सीमेच्या अलीकडचे पालक तिचा दाखला नेहमी देतात. परंतु ते गुण स्पर्धेतल्या प्रमाणित कामगिरीचे आहेत, वर्गातल्या पीटीचे नव्हेत. असे वाढीव गुण कर्नाटकातही द्यावेत अशी मागणी असेल तर मी तिच्यावर सही करीन. बेळगाव तालुक्यातल्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवने 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात कांस्यपदक मिळवले. अशा मुलीचे मोल शाळेतल्या श्रेणीने ठरत नसते.

खरे दुखणे वेळापत्रकात आहे. दहावीच्या वर्गाला पीटीचा तास कागदावर असतो, पण दसऱ्याच्या सुटीनंतर तो गणिताकडे किंवा विज्ञानाकडे जातो आणि प्रिपरेटरी (सराव) परीक्षा जवळ आली की उरलासुरला तासही संपतो. काही शाळांत पीटीचे शिक्षकच नसतात. जिथे असतात तिथे त्यांच्याकडे बिसियूटाची, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाची, देखरेख, प्रार्थना, शिस्त आणि स्नेहसंमेलनाचा मंडप अशी कामे सोपवलेली असतात. गुण बेरजेत धरल्याने यातले काय बदलेल? तास गणिताला जाईल आणि गुण वर्षअखेरीस एका बैठकीत भरले जातील.

त्यापेक्षा मी बैठकीत एवढेच सुचवले: जूनमध्ये प्रत्येक मुलाची 600 मीटरची दौड घ्यावी, वेळ नोंदवावी, जानेवारीत तीच दौड पुन्हा घ्यावी आणि दोन्ही नोंदी प्रगतिपत्रकात शेजारी-शेजारी लिहाव्यात. त्यावरून नंबर काढू नये. ज्याला धावता येत नाही त्याच्यासाठी चालणे किंवा योगासने यांची नोंद असावी. आठवड्याचे तास खरोखर झाले की नाहीत हे शाळा विकास समितीने दर महिन्याला हजेरीवरून तपासावे. गुणांची सूचना मांडणाऱ्यांना हे मवाळ वाटले. मुख्याध्यापकांना मात्र दौडीची हरकत नव्हती. त्यांची हरकत होती ती मासिक तपासणीला, आणि त्या मुद्द्यावर पुढच्या बैठकीत पुन्हा बोलायचे ठरले आहे.